हिराजीची दहावी विकेट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, क्लबातल्या दोस्तांना नाही. उलट याच गोष्टीची खोटी आवृत्ती तिखटमीठ लावून सांगत आलो आणि हशे वसूल केले. ठाण्यातल्या जुन्या क्रिकेटच्या गमती ऐकायच्या म्हणजे लोक माझ्याकडेच येतात ना! "ती चटईची गोष्ट सांगा," म्हणतात. मग मी सांगतो — कल्याणच्या संघाचा शेवटचा गडी चटई सारखी करायला क्रीज सोडून गेला, धावबाद झाला, आणि बिचाऱ्या हिराजीची दहावी विकेट हुकली. सगळे हसतात. मीही हसतो.

आता खरं ऐका. आणि ऐकताना चेहरा पाडू नका, मला कुणाची दया नको आहे.

हिराजी कोपरीचा कोळी. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा. आमचा क्लब म्हणजे वकील, मास्तर, कचेरीतले कारकून — मी कारकुनांपैकी. हिराजी सभासद नव्हता. मॅच असली की त्याला बोलावणं जायचं. होडी लावून यायचा, अनवाणी बोलिंग टाकायचा, आणि चहा बाहेर पायरीवर बसून प्यायचा. त्याच्याआधी पाच वर्षं नवा चेंडू माझ्याकडे होता. तो पहिल्यांदा आला त्या दिवशी कप्तानानं माझ्याकडे न बघताच चेंडू त्याच्या हातात दिला. तो मला परत कधी मिळाला नाही.

कुठे दुखत होतं, कळलं ना?

त्या रविवारी त्यानं कल्याणचे नऊ गडी उडवले. नऊ! मॅच तर आमच्या खिशातच होती. क्लबाच्या हॉलमध्ये एक लाकडी फळा होता, मोठा पराक्रम केलेल्यांची नावं पिवळ्या रंगात लिहिलेला. डावात दहाच्या दहा आमच्याकडे कुणीच घेतल्या नव्हत्या. नऊ विकेटा कमिटीला नजरेआड करता आल्या असत्या, दहा करता आल्या नसत्या. ज्या हॉलमध्ये त्याला बसायला कुणी सांगत नव्हतं, त्याच्या भिंतीवर त्याचं नाव लागणार — मैदानावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

अशा वेळी एक रीत असते. दुसऱ्या टोकाचा बोलर विकेट घेत नाही. आमचा बापू मुद्दाम स्टंपांच्या बाहेर टाकत होता. फिल्डरांनीही त्याच्या चेंडूवर कुणाला बाद करायचं नाही. हे कुणी कुणाला सांगत नाही, पण खेळणाऱ्याला कळतं. त्यांच्या शेवटच्या गड्यानं बापूचा एक चेंडू माझ्याकडे ढकलला. मी पॉइंटला होतो. चेंडू माझ्या हातात आला.

तेव्हा मॅच काथ्याच्या चटईवर व्हायची, मातीवर अंथरून खिळे ठोकलेल्या. तिला सुरकुती पडली की फलंदाज पुढे जाऊन बॅटनं ठोकून ती सारखी करायचा. तो गडी निघाला. अगदी निर्धास्त.

मी फेकला. तिथून एकच स्टंप दिसत होता, तोच उडाला. माझ्या आयुष्यातला सर्वांत अचूक थ्रो — हो, मला त्याचा अजून अभिमान आहे. काय म्हणायचं ते म्हणा.

अंपायर क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग त्यानं बोट वर केलं. नियमात बसत होतं! कप्तान धावत आला. "अरे, नऊ झाल्या होत्या ना रे त्याच्या!" मी कपाळावर हात मारला. म्हणालो, लक्षातच राहिलं नाही.

खोटं. एकूण एक विकेट मी मोजली होती. शेवटची जोडी तीन ओव्हरी टिकली, आणि त्या तिन्ही ओव्हरी मी तो गडी चटईकडे कधी जातो याची वाट बघत होतो.

हिराजी आला, माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "जाऊं दे रं, नेम झकास होता तुजा." मलाच धीर देत होता! मला त्याचा जास्तच राग आला.

जात होती का त्यात? होती. मत्सर? तोही होता. पण काळच तसा होता, हे मात्र मला ऐकवू नका. त्याच काळात बापू चेंडू बाहेर टाकत होता.

एवढ्यावर संपलं असतं तर — पण नाही संपलं. दोन-तीन वर्षांनी मी क्लबाचा सेक्रेटरी झालो. फळा नव्यानं रंगवायला काढला होता. हिराजीचं खेळणं तोवर सुटलं होतं. एका सकाळी त्याचा म्हातारा बाप क्लबाच्या ओट्यापाशी आला. वर आला नाही, खालीच उभा राहिला. "नऊ तं घेतल्यान ना माज्या पोरानं? त्याचा नाव लिवशील का रं फल्यावं?"

मी म्हणालो, दहाच लागतात. नियम आहे.

"नियम हाय तं हाय," म्हातारा म्हणाला आणि वळून चालू लागला.

असा काही नियम नव्हता. त्याच फळ्यावर एका वकिलाचं नाव आठ विकेटांसाठी होतं, आणि ते मी नव्यानं रंगवून घेतलं. नियम मी ओट्यावर उभ्या उभ्या केला. क्लब तो अजून पाळतो.