दाजींचा डावा पाय

जगातल्या कुठल्याही बिघाडाचं मूळ सापडल्याशिवाय आमच्या दाजींच्या घशाखाली घास उतरत नाही. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, राहणार कर्जतजवळच्या मळ्यात. विहिरीवरची मोटार बंद पडली, तर मेस्त्री येईपर्यंत दाजींनी तिचा सगळा सांगाडा घोंगडीवर मांडलेला असतो. मेस्त्री बिचारा जेवून परत जातो. अशा माणसाच्या डाव्या कुल्ल्यापासून टाचेपर्यंत एके दिवशी वीज खेळायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी 'सायटिका' म्हणून गोळ्या दिल्या, तर दाजी भडकलेच. "नाव सांगितलं, कारन कुटं सांगितलं?"

मग तपास सुरू झाला. पहिला संशय खाटेवर आला. खाट गोठ्यात गेली आणि दाजी जमिनीवर आले. मग मोटारसायकलचं सीट बदललं. मग वांगी वातूळ ठरून घरातून हद्दपार झाली, तेव्हा अक्का कडाडली, "पाय ह्यांचा दुकतोय अन् पथ्य साऱ्या घराला!" राजूरच्या बाजारातून कुणीतरी झाडपाल्याचं तेल आणून दिलं. ते चोळून दाजी गोठ्यात शिरले, तर त्या वासानं बैलानं दावं तोडलं. रस्त्यात कुणी लंगडताना दिसला की दाजी गाडी थांबवून त्याची उलटतपासणी घेत. पाय मात्र कशालाच दाद देईना. शेवटी बसताच येईना, उभ्यानं जेवायची पाळी आली, तेव्हा मी त्यांना नगरला आणलं. सोबत अक्का आणि चार वर्षांची नात. ती आजोबांशिवाय राहतच नसे.

एमआरआयच्या नळकांड्यातून बाहेर येताच दाजी तिथल्या माणसाला म्हणाले, "मशीनचं बेरिंग गेलंय बरं का."

डॉक्टरांनी फिल्म पाहिली. कमरेतल्या मणक्याची गादी सरकून नस दाबत होती. "काही जड उचलता का?"

"न्हाई बुवा. पोती उचलायचं कवाच सोडलंय."

तेवढ्यात नात म्हणाली, "आबा, वर!" दाजींनी वाकून, कण्हत, तिला डाव्या कडेवर घेतलं.

डॉक्टर चष्म्यावरून बघतच राहिले. "हे रोज चालतं?"

"दिसभर!" अक्का म्हणाली. "पोरीचे पाय जमिनीला लागू देत न्हाईत."

"गादी वयानंही झिजलीय. पण हा भार तिला बरं होऊ देत नाही. हे बंद करा."

"नातीचं कुटं वजन आसतं का, सायेब?" दाजी खरोखर दुखावले होते. सापडलेलं कारण त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच नको होतं.

सांगितलेले व्यायाम त्यांनी सगळे केले. पोर मात्र कडेवरच. पुढे जूनमध्ये त्यांच्या मुलाला नगरजवळ, नागापूरच्या एमआयडीसीत काम लागलं. सून आणि नातही तिकडे गेली, नात बालवाडीत जाऊ लागली. दिवाळीपर्यंत दाजींचा पाय खडखडीत बरा झाला.

मी मळ्यावर गेलो, तर दाजी ताठ चालत सामोरे आले. "कळ गेली म्हणायची!" मी म्हणालो.

"गेली."

एवढा मोठा बिघाड दुरुस्त झाल्यावर तासभर व्याख्यान व्हायला हवं होतं. चहा आला, तो दाजींनी बशीत ओतला. मग हळूच म्हणाले, "पाव्हणं, पोरगं तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातंय म्हनं. जिन्यात तिला कोन घेतं?"

"चढते की आता ती."

"व्हय, चढत आसंल." त्यांनी बशी खाली ठेवली. "उद्या तिकडं जाऊन येतो म्हंतो. सपाटीला पाय बरा हाय, पर जिन्यावर तपासल्याबिगर काय खरं न्हाई."

अक्का उठली. तिनं त्यांची पिशवी भरायला घेतली.