भरून ठेवलेला रांजण

नंदुरबारला बदली झाली तेव्हा राहायची जागा निवडताना मी चुकलो, आणि ती चूक झाकायला बायकोशी खोटं बोललो. चूक अजाणतेपणी झाली असती तर आज लिहायला बसलो नसतो.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. रेल्वेच्या मालधक्क्यावर मी कारकून होतो. बायको आणि चार वर्षांची मुलगी कृष्णाकाठी आमच्या गावी होत्या. घर बघून त्यांना बोलावून घ्यायचं ठरलं होतं. तोवर धर्मशाळेत मुक्काम, आणि ड्यूटी सुटली की घरं बघत फिरणं.

दोन जागा मिळण्यासारख्या होत्या. एक जुन्या गावात, एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरालगतच्या दोन खोल्या. समोर अंगण, अंगणात तुळस, आणि गल्लीतल्या बायका दुपारी त्याच अंगणात निवडण-टिपण करायला जमलेल्या. मला जागा आवडली. गुरुवारी सामान आणतो, असं मी बाईंना सांगून टाकलं. त्या खूश झाल्या आणि नातवंडांवर ओरडल्या, "आते आठे धिंगाणा नका करा रे, बाबूनी पोर येई ऱ्हायनी!"

परत येताना तेच वाक्य माझ्या कानात राहिलं. माझी मुलगी या अंगणात खेळणार. वर्षभरानं गावी जाईल आणि माझ्या थोरल्या भावासमोर इथल्या बोलीत 'मन्हं, तुन्हं' करील. भाऊ शाळामास्तर. सगळं घर हसेल. मला त्या हसण्याची भीती वाटली. इतकंच कारण होतं.

दुसरी जागा स्टेशनच्या बाजूला होती. शेजारी आमच्याच खात्यातले दोन कारकून, दोघेही देशावरचे, शुद्ध बोलणारे. मी तीच जागा घेतली. म्हाताऱ्या बाईंना निरोपसुद्धा पाठवला नाही. बायको आल्यावर तिनं विचारलं, "गावात नाही का मिळालं घर?" मी म्हटलं, "गावात जागाच नाही."

शेजाऱ्यांची कुटुंबं त्यांच्या त्यांच्या गावी असतात, हे मी विचारलंच नव्हतं. दिवसभर तिथं एकही बाईमाणूस नसे. मागेच कापसातली सरकी काढायची जिन होती. दिवाळीनंतर ती सुरू झाली, की तिच्या घरघरीत हाक मारलेली ऐकू येत नसे. कापसाची पिंज भांड्यांवर, अंथरुणावर, मुलीच्या केसांत बसायची. बायको माझ्याशी बोलायची ती मी घरी आल्यावर. आणि मुलगी, जिला गावी गप्प बसवावं लागे, ती इथं बोलेनाशीच झाली. काही हवं असलं तर बोट दाखवायची. जिची भाषा जपायला मी हे घर घेतलं होतं, तिला बोलायला कुणी उरलं नव्हतं.

पौषात बायको शांतपणे म्हणाली, "संक्रांत झाली की आम्ही दोघी गावी जातो. तुमचं चालू द्या इथं."

त्याच आठवड्यात ती बाजारात भरताची वांगी घेत होती. शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीनं तिला सांगितलं, हलक्या हातानं दाब, जड वांगं घेऊ नको, त्यात बिया फार. मग कुठली, कुणाची, अशी चौकशी झाली. रेल्वेतल्या नव्या बाबूची बायको म्हटल्यावर म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पोरी, तू ऱ्हावाले का बरं नही उनी? मी तुन्हासाठी रांजण भरी ठेयेल व्हता."

त्या लोकांत रीत होती. नवं बिऱ्हाड यायचं असलं की घर सारवायचं आणि पाण्याचा रांजण भरून ठेवायचा. दमून आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी विहीर शोधायला लागू नये. ती बाई किती तरी दिवस शिळं पाणी काढून ताजं भरत राहिली होती.

घरी येऊन बायकोनं पिशवी ठेवली. "गावात जागा नव्हती ना?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण विचारलं ते एवढंच, की खोल्या रिकाम्या आहेत का. आत ज्वारीची पोती होती. बाई म्हणाल्या, "पोता काय, हालाडता येतस. पन आते तरी येशात ना बाबू? का परत रांजणनं पाणी तुळसले टाकू?" अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

संक्रांतीच्या आधी आम्ही त्या खोल्यांत राहायला गेलो, आणि बायको गावी गेली नाही. तिळगूळ वाटायला तिला गल्लीतली घरं पुरून उरली. मुलगी आधी बाईंच्या नातवंडांच्या मागे नुसती फिरली, मग कुजबुजली, मग सगळ्यांवर ओरडू लागली. मी मात्र बाईंशी पाण्यापावसाचं बोलून आत जायचो. मी माफी कधी मागतो, याची बायको वाट बघत होती.

एका संध्याकाळी मी ड्यूटीवर निघालो तर मुलगी दारात आडवी उभी राहिली. "बाबा, तू कोठे जाई ऱ्हायना?" तिनं खडसावून विचारलं. ती बोलत होती. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

बाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या, बायको शेजारी बसली होती. मी चपला काढल्या आणि दोघींसमोर उभा राहिलो. म्हणालो, "माय, तुमचं बोलणं माझ्या मुलीच्या तोंडी बसू नये, म्हणून मी आलो नव्हतो. आणि हिला खोटं सांगितलं, गावात जागा नाही म्हणून. माझं चुकलं. तुम्ही दोघी मला माफ करा."