तात्यांविरुद्ध चार निवडणुका

नरहरराव कोळवले, म्हणजे आमच्या तालुक्याचे तात्या, गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापूरच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत, एका दाव्याचे कागद चाळत बसलो होतो. फोन रशीद मुलाणीचा होता. तीसेक वर्षं तात्यांची जीप त्यानेच चालवली. "वकीलसाहेब, तात्या गेले. सकाळीच. तुमाला आधी कळवावं म्हटलं," एवढंच तो म्हणाला. मला आधी का, हे त्याने सांगितलं नाही. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ वकिलांनी विचारलं, तुमचे जुने प्रतिस्पर्धी ना? मी हो म्हणालो. विधानसभेच्या चार निवडणुका मी तात्यांविरुद्ध लढवल्या. तीन हरलो, एक जिंकलो. तात्या आयुष्यात आठ वेळा उभे राहिले आणि एकदाच पडले. तो एक पराभव माझ्या हातून झाला. आता महिना होऊन गेला आहे. त्यांच्यावर जे जे लिहून आलं ते बहुतेक मी वाचलं. त्या पराभवाचा उल्लेख सगळ्यांनी एका ओळीत उरकला आहे. तो कसा झाला, हे मलाच लिहायला हवं.

तात्या मूळचे एसटीतले कंडक्टर. करकंब, वेळापूर, नातेपुते या पट्ट्यात त्यांनी बारा वर्षं तिकिटं फाडली. कोण कुठल्या थांब्यावर चढतो, कुणाची मुलगी कुठल्या वस्तीवर दिली आहे, कोण दर पंधरा दिवसांनी कुठल्या डॉक्टरकडे जातो, हे त्यांना पाठ होतं. साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या मुलाला विधानसभेचं तिकीट मिळालं तेव्हा हे गृहस्थ नोकरीचा राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले. डेपोतल्या सोबत्यांनी त्यांना वेड्यात काढलं. प्रचार कसला, तर दिवसभर एका एसटीतून उतरायचं आणि दुसरीत चढायचं. माणसं नेहमीसारखी त्यांना जागा करून देत आणि आपापली गाऱ्हाणी सांगत. निकाल लागला तेव्हा अध्यक्षांच्या मुलासाठी आणलेले हार तसेच परत गेले, अशी आठवण आमच्याकडे अजून सांगतात. त्यानंतर तात्या सहसा कुणाला आवरले नाहीत.

मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि त्यांची ती चौथी निवडणूक होती. वकिली बरी चालत होती, बोलता येत होतं, आणि हा माणूस आता संपला आहे अशी माझी खात्री होती. विधानसभेत ते विचारत काय, तर रस्त्याची मोरी, विजेचं रोहित्र, शाळेच्या पत्र्यांचं छत. मंत्रिपदासाठी एकदा त्यांचं नाव चर्चेत आलं होतं म्हणतात. शपथविधीच्या सकाळी ते गळलं आणि तात्या संध्याकाळच्या गाडीने परत आले. सभागृहात डुलकी घेतानाचा त्यांचा एक फोटो पेपरात छापून आला होता. मी तो मोठा करून गावोगाव लावला. करकंबच्या बाजारात त्यांनी त्याचं उत्तर दिलं. "वकीलसाहेब म्हणत्यात, आमदार झोपतो. झोपतो की. मुंबईला झोपतो, हितं जागा असतो." ती सभा मी पलीकडच्या हॉटेलात बसून ऐकत होतो. नाइलाजाने मलाही हसू आलं. त्या वेळी मी सपाटून हरलो. पाच वर्षांनी पुन्हा हरलो, पण कमी फरकाने, आणि तेवढ्याने माझी हाव वाढली.

तिसऱ्या वेळी वारं बदललं होतं. तात्यांनी दुसऱ्यांदा पक्ष बदलला होता. शिक्षण संस्थेत भाच्याला चिकटवल्याची कुजबुज होती, आणि ती खरी होती. आपल्यानंतर उभा राहील असा माणूस त्यांनी कधी तयार केला नाही, हाही त्यांचा दोषच, आणि त्याची किंमत आमचा तालुका अजून मोजतो आहे. तरीही ती निवडणूक ते जिंकले असते, असं माझं आजचं मत आहे. पण शेवटच्या दहा दिवसांत तात्या प्रचारातून एकदम दिसेनासे झाले. सभा ठरायच्या आणि ते यायचेच नाहीत. त्यांच्या कार्यकर्त्यांनाही धड काही सांगता येईना. मग माझा एक कार्यकर्ता नातेवाइकाला बघायला सोलापूरच्या एका दवाखान्यात गेला आणि रात्री त्याने मला येऊन सांगितलं, की तात्या तिथे बाकावर बसलेले आहेत. शांताकाकू, त्यांच्या पत्नी, आत अत्यवस्थ होत्या. तात्यांनी ही गोष्ट रशीदखेरीज कुणालाच कळू दिली नव्हती.

म्हणजे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीच्या सभेत मी म्हणालो, "तुमचा आमदार मतं मागायलासुद्धा तुम्हाला सापडत नाही. निवडून आल्यावर त्याला कुठं शोधणार?" टाळ्या पडल्या. वाक्य चांगलं बसलं होतं, म्हणून मी ते पुढच्या पाच-सहा गावांतही वापरलं. ज्याने बातमी आणली होती तो कार्यकर्ता मंचाच्या कडेला उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, हे मला दिसलं... आणि मी पुढे बोलत राहिलो.

मी निवडून आलो. निकालानंतर आठवड्याभरात काकू गेल्या. अंत्यविधीला मी गेलो, जायला हवंच होतं. तात्यांनी सगळ्यांना केला तसाच मलाही हात जोडून नमस्कार केला. ऊन फार होतं. त्यांनी रशीदला खूण करून मला सावलीत जागा करून द्यायला लावली. बस्स, तेवढंच.

माझी पाच वर्षं वाईट गेली असं म्हणता येणार नाही. माझ्या भाषणांची मुंबईत दखल घेतली जाई. सिंचनावरचं एक भाषण तर विरोधकांनीही वाखाणलं. पण आमच्याकडे लोकांना आमदार सापडत नसे. जे वाक्य मी तात्यांवर फेकलं होतं ते आता माझ्याबद्दल खरं ठरत होतं, आणि हे माझ्याआधी लोकांच्या लक्षात आलं. चौथ्या निवडणुकीत तात्यांनी मला सहज पाडलं. त्या वेळी मला सारखी एक धास्ती होती, की कुठल्या तरी सभेत त्यांचे लोक ती दवाखान्याची गोष्ट काढणार. कुणीच काढली नाही. मला वाटलं, मला आधीच माहीत होतं हे त्यांना ठाऊकच नसावं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुन्हा वकिलीकडे वळलो. तात्या त्यानंतर आणखी एकदा निवडून आले आणि मग स्वतःहून थांबले.

पुढे बऱ्याच वर्षांनी रशीद एका अपघाताच्या दाव्यासाठी माझ्याकडे कोर्टात आला. काम झाल्यावर चहा घेताना त्यानेच विषय काढला. त्या चौथ्या निवडणुकीत कार्यकर्त्यांची बैठक बसली होती. सगळे म्हणत होते की वकिलाच्या त्या भाषणाची लोकांना आठवण करून देऊ, बायका एक मत त्याला देणार नाहीत. तात्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना म्हाईत नव्हतं. म्हाईत असतं तर बोलले नसते." विषय तिथेच मिटला. रशीद हे मला कौतुकाने सांगत होता. त्यालाही तसंच वाटत होतं, की मला माहीत नव्हतं. मी चहाचे पैसे दिले आणि दाव्याची पुढची तारीख त्याला पुन्हा सांगितली.

खरं काय ते बोलायला मला आणखी काही वर्षं लागली. गेल्या हिवाळ्यात तात्यांचे पाय सुजल्याचं, त्यांनी खाट धरल्याचं कानावर आलं, तेव्हा गेलो. ते आतल्या खोलीत खिडकीशी पडून होते. अंगाने पार उतरले होते, पण ओळख लख्ख होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी सांगितलं, "तात्या, काकू दवाखान्यात आहेत हे मला माहीत होतं. बोलायच्या आदल्या रात्रीच कळलं होतं."

तात्या म्हणाले, "मला ठावं हाय. तुमचा माणूस माझ्याम्होरंच उभा हुता की. त्याला चा बी मीच पाजला."

मी विचारलं, मग तुमच्या लोकांना तसं का सांगितलंत?

"खरं सांगितलं असतं तरी तुमी पडलाच असता. पर मग मी तिच्या मरणावर निवडून आलो असतो." दम खाऊन ते म्हणाले, "ते मला नको हुतं."

घरी येताना मी त्या वाक्यात माफी शोधत होतो. ती त्यात नव्हती. त्यांनी जे केलं ते माझ्यासाठी केलंच नव्हतं, मी फक्त त्यात वाचलो होतो. निघताना त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली आणि येत जावा म्हणाले. मी येतो म्हणालो. पुन्हा जाणं झालं नाही.

तेराव्यानंतर एका सोमवारी मी त्यांच्या घरी गेलो. घराची पुढची खोली म्हणजे तात्यांची लोकांना भेटायची जागा: दोन लाकडी बाकं, एक टेबल, कोपऱ्यात पाण्याचा माठ. रशीद अजूनही रोज सकाळी येऊन ती उघडतो, झाडून घेतो, माठ भरतो. त्याला हे करायला कुणी सांगितलेलं नाही आणि नको असंही कुणी म्हटलेलं नाही. त्या दिवशी बाकावर एक म्हातारी बसली होती. वस्तीवरचा विजेचा खांब वाकला आहे, असा अर्ज तिने कुणाकडून तरी लिहून आणला होता. रशीद तिला समजावत होता की तात्या आता नाहीत. "ठावं हाय की," ती म्हणाली. "पर दुसरं कुटं द्यायचा?" मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. हे कोण, असं तिने रशीदला विचारलं.

"हे बी आमदार हुते," रशीद म्हणाला.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "कवा?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिला आठवेना. मी तिच्या शेजारी बाकावर बसलो आणि अर्ज वाचायला घेतला.