बसवेशची कुस्ती आणि माझा सोमवार

बसवेश माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन केजला आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. वर्षाच्या आत सासूबाई लिंगैक्य झाल्या आणि त्याचं जेवणखाण, पाटी-दप्तर माझ्याकडे आलं. आमचं किराणा दुकान. वाण्याच्या घरात कुणी लंगोट बांधल्याचं मामंजींना माहीत नव्हतं, पण हा दहाव्या वर्षी गहिनीनाथ वस्तादांच्या तालमीत गेला आणि तिथलाच झाला. पोरं चिडवायची, "काय बे वाण्या, काटा मारायला आलास का कुस्ती मारायला?" हा त्या पोराला उचलून मातीत टाकायचा आणि म्हणायचा, "अडीच शेर भरलं. पुढचं आना."

अंडं-मटण आमच्या घरात चालत नाही. मी पहाटे बदाम सोलून पाट्यावर वाटायचे आणि दुधात घालून द्यायचे. कुस्तीच्या फडाला निघायच्या आधी तो देवघरापुढे बसायचा. मी त्याच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायचे. माझ्या हाताशिवाय तो कधी गेला नाही.

शहाण्णव साली तो बावीस वर्षांचा होता. दिवाळीनंतर बीडला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. वस्ताद म्हणायचे, "या खेपेला ह्यो जानार म्हंजे जानार." संघात आला असता तर पुढं पोलीस भरतीतही त्याचं काम झालं असतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि नकोही होतं.

त्याच साली गावात केबल आली. केबलवाल्या अर्जुनरावांनी गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि घरोघर परदेशी पैलवान एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या घालताना दिसायला लागले. मग अर्जुनरावांनी तेच इथं लावायचं ठरवलं. नाव ठेवलं फ्रीस्टाइल. माती नाही, फळ्यांचं व्यासपीठ, भोवती दोर, आणि लाथ, बुक्की, कोपर सगळं माफ. टीव्हीवरचं निम्मं सोंग असतं असं आता म्हणतात. आमच्या पोरांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ती खरंच मारायची.

पहिली कुस्ती गेवराईला झाली. वस्तादांनी नको म्हटलं होतं, हा चोरून गेला. जिंकला. पुढची केजला ठरली, श्रावणातल्या दुसऱ्या बुधवारी, आणि हँडबिलावर त्याचा फोटो आला. ते हँडबिल मी दुकानाच्या दाराला खळीनं चिकटवलं. बायका मीठ-साखर घ्यायला यायच्या आणि विचारायच्या, "ह्यो तुमचाच दीर का वो?" मला फार बरं वाटायचं. हे लिहायला हवं, कारण पुढचं त्यातूनच झालं.

गेवराईहून आल्यापासून तो सकाळी ओकायचा. ऊन डोळ्यांना सोसेना. एकदा तूरडाळ जोखताना हसत म्हणाला, "वैनी, काट्याला चार पारडी दिसायलीत. गिऱ्हाइकाची मजा हाय."

मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव. न्हाई तर मी वस्तादांना सांगते."

तो हसायचा थांबला. "सांगशील तर ते मला तालमीत पाय ठिवू देनार न्हाईत. बीड गेलं माझं. तुला महादेवाची शपथ हाय."

मी रोजची वही लिहिते. त्यात लिहिलं: गुरुवार, बसवेश ओकला. शनिवार, पुन्हा ओकला, भिंत धरून चालला. वहीला सांगितलं म्हणजे सांगून झालं, असं मला तेव्हा वाटत असावं.

श्रावणातल्या सोमवारी माझं मौन असतं, संध्याकाळची पूजा होईपर्यंत. दुसऱ्या सोमवारी दुपारी वस्ताद दारात आले. चपला बाहेर काढून उंबऱ्यापाशीच बसले.

"माय, बाजारात लोक काईबी बोलायलेत. गेवराईत त्याच्या डोस्क्याला लई मार बसला म्हनं. मी इचारलं तर न्हाई म्हंतो. तू घरात बघतीस. एक शबुद सांग. काई असंल तर परवा मी त्याला दोरीनं बांधून ठिवतो."

मी ओठांवर बोट ठेवलं.

"अरे हो, सोमवार हाय की. मौन असंल. लिहून दिलं तरी मला कुठं वाचता येतंय? मान तर हलव."

ओसरीत आम्ही दोघंच होतो. मी मान हलवली नाही. देवघराकडे बोट केलं आणि हात वर केले. महादेव बघतो आहे, असं. त्यांनी त्याचा अर्थ काळजी नाही असा घेतला. तो तसाच घ्यावा म्हणूनच मी तसं केलं होतं. म्हातारा माणूस, कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि गेला. संध्याकाळी पूजा झाली, मौन सुटलं. मंगळवार अख्खा माझ्या हातात होता. वस्तादांचं घर दोन गल्ल्यांवर. मी गेले नाही.

बुधवारी मीच विभूती लावली. बायका मैदानात जात नव्हत्या. परसात उभं राहिलं की ओरडा ऐकू यायचा. तो ओरडा एकदम थांबला. समोरच्याचं कोपर गेवराईत लागलं होतं त्याच जागी, कानाच्या वर बसलं होतं. जीपमध्ये घालून त्याला अंबाजोगाईला नेलं.

तिथं डॉक्टरांनी विचारलं, "आधी मार लागला होता का? तेव्हा ओकारी, चक्कर?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला नाही माहीत." त्या दिवशी सोमवार नव्हता.

जीव वाचला. डावा हात थरथरतो, डावा पाय ओढत चालतो. बीडची निवड त्याच्याशिवाय झाली. तालमीच्या गल्लीतून तो आता जात नाही, बाजारात जायचं तर मागच्या रस्त्यानं जातो.

याला तीन वर्षं झाली. मौन मी अजून पाळत होते. देवाला काय तोंड दाखवत होते कोण जाणे. काल श्रावणातला पहिला सोमवार. दुपारी वस्ताद दुकानात बदाम घ्यायला आले, नव्या पोरांसाठी. बसवेश गल्ल्यावर होता. उजव्या हातानं जोखत होता, डावा मांडीखाली दाबलेला. वस्ताद त्याच्याकडं न बघता म्हणाले, "असा हात पुन्हा मिळायचा न्हाई मला. कशापायी गेला असंल त्यो तवा त्या फळ्यांवर?"

मी आत गेले आणि वही आणली. त्यांच्यासमोर उभी राहून मोठ्यानं वाचलं. गुरुवार, ओकला. शनिवार, भिंत धरून चालला. सोमवार, वस्ताद आले होते, मी मौन मोडलं नाही.



"आता सांगून मी काय करू, माय?" वस्ताद एवढंच म्हणाले आणि उठले. जाताना नमस्कार केला नाही.

बसवेश पुडीला दोरा गुंडाळत होता. एका हातानं, दाताखाली टोक धरून. मला वाटलं शपथ मोडली म्हणून चिडेल.

"वैनी," तो म्हणाला, "तू सांगितलं असतंस, तर मी तुझ्याशी जन्मात बोललो नसतो." दोरा दातानं तोडला. "पन माती सुटली नसती."

वस्तादांची बदामाची पुडी गल्ल्यावरच राहिली होती. ती मी फडताळात ठेवली. आज तालमीत नेऊन द्यायची आहे, माझी मलाच.