कढीतले जिवाणू

आमच्या ह्यांना गप्प बसणं माहीतच नव्हतं. विंचूरकडचा माणूस, त्यात सातपूरच्या कारखान्यात मशिनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या ब्लॉकमध्ये कळायचं. "अहो, जरा हळू बोला," हे मी आयुष्यभर म्हणत आले. गेल्या हिवाळ्यात ते खरंच हळू बोलायला लागले आणि मग बोलेनासेच झाले.

निमित्त झालं न्यूमोनियाचं. दहा दिवस दवाखान्यात, सलाइनमधून जबरदस्त अँटिबायोटिक. छाती साफ झाली, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. घरी आल्यावर खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचे. मांडीवर पेपर, तासभर तेच पान उघडं. काही विचारलं की "बघू." मुलगी पुण्याहून फोन करायची, तर तो न बोलताच माझ्या हातात द्यायचे. मी चिडायचे आणि मग चिडले म्हणून स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. खरं सांगते, मला भीती वाटत होती. माणूस समोर बसलेला होता, पण मला तो परत मिळेल की नाही याची खात्री वाटत नव्हती.

शेवटी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची पोरगी. तिने अर्धा तास सगळं ऐकून घेतलं. मग मनासाठी एक गोळी लिहून दिली आणि एकदम पोटाची चौकशी सुरू केली. मी म्हटलं, झालं, हिचं लक्ष भलतीकडेच. तर ती म्हणाली, "काकू, पोटात असंख्य जिवाणू राहतात आणि पोटाचं आणि मेंदूचं सतत काहीतरी बोलणं चाललेलं असतं. अँटिबायोटिकने वाईट जिवाणूंबरोबर चांगलेही बरेच गेले असतील. उदासी त्यामुळेच आली असं मी म्हणणार नाही, त्याच्यावर अजून संशोधन चालू आहे. आजारपणाचा धसकाही असतो. गोळी चुकवायची नाही. आणि रोज डाळी, भाज्या, ताजं दही पोटात जाऊ द्या."

दही! जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत, नुकत्याच न्यूमोनियातून उठलेल्या माणसाला! बाई शिकलेली खरी, पण हिने कधी कुणाचा कफ काढलेला दिसत नाही, असं मी मनातल्या मनात म्हटलं. तोंडावर मात्र "हो हो" केलं.

मग मी माझी अक्कल चालवली. दही द्यायचं, पण बाधायला नको. मी कढी करायला घेतली. ताजं दही घुसळायचं, बेसन लावायचं, आलं ठेचून घालायचं, वरून तुपाची जिऱ्याची फोडणी. आणि थंडपणा पार मोडावा म्हणून खळखळून उकळायची. सकाळी एक वाटी, रात्री एक वाटी. ते पिऊन होईपर्यंत मी समोर बसून राहायचे. तीन आठवडे एक दिवस चुकवला नाही. स्वतःवर इतकी खूश होते की शेजारणीलाही कृती सांगून आले.

पुढच्या खेपेला डॉक्टरने विचारलं, "दही चालू आहे ना?"

"रोज दोन वेळा," मी ऐटीत म्हटलं. "कढीतून."

"कढी उकळता?"

"म्हणजे काय, चांगली खळखळून!"

तिने पेन खाली ठेवलं. "अहो काकू, उकळल्यावर त्यातला एकही जिवाणू जिवंत राहत नाही. कढी वाईट नाही, पण मला ते जिवंत हवे होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीतून आवाज आला, पहिल्यासारखा, बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल असा. "म्हंजी तीन आठवडे हिनं दोन टाइम मुडदेच पाडले म्हणा की! समदे अकाली गेले. आता त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करावा लागंल त्यांचा!"

आणि ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. डॉक्टर हसली, बाहेरची रिसेप्शनिस्ट डोकावून गेली. मी पदराने डोळे पुसत होते आणि माझं मलाच कळत नव्हतं, हसतेय की रडतेय.

त्या दिवसापासून दही जिवंतच पोटात गेलं, दुपारच्या जेवणात, उन्हात बसून. गोळीही चालू राहिली. हळूहळू पेपरची पानं उलटू लागली, मुलीशी फोनवर भांडणंही सुरू झाली. गोळीचा गुण किती, दह्याचा किती, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. मधे चार दिवस पुन्हा गप्प झाले, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता.

पण त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना रिक्षात मी त्यांच्यावर उखडले होते. "हसताय काय? तीन आठवडे निमूट प्यायलात. एकदा तरी म्हणायचं, नको ही कढी!"

ते बाहेर बघत होते. "मला कशाची चवच नव्हती. कढी हाय का पाणी हाय, काय बी कळत नव्हतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तू समोर बसायची, अन् वाटी रिकामी होईस्तोवर श्वास बी सोडायची नाय. म्हणून प्यायचो."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, चारचौघांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. त्या रिक्षात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.