हुरडा आणि चौथी ओळ

आज ऑफिसात कुणीतरी हुरड्याचा डबा उघडला आणि त्या खरपूस वासानं मला चितेगावच्या कारखान्यातली पहिली नोकरी आठवली.

तिथं एका दुपारी माझे वडील, अण्णा, देवगाव रंगारीहून हुरडा घेऊन आले होते. मी साहेबांच्या लिनक्स कॉम्प्युटरवरून एक जुना प्रोग्राम काढून टाकत होते. त्याच्यासोबत आणखी काय काय जाईल, त्याची यादी पडद्यावर आली आणि खाली प्रश्न: हो की नाही? मी सवयीनं 'हो' दाबणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "एवढं लांबलचक काय लिव्हलंय?"

"काही नाही. नेहमीचंच असतं."

"मग वाचून दाखव की."

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण न वाचलेल्या कागदावर त्यांनी कधी सही केली नाही. मी वैतागून एकेक ओळ मराठीत सांगू लागले. चौथ्या ओळीला मी अडखळले. त्या प्रोग्रामसोबत पडद्यावरची चिन्हं, खिडक्या, सगळंच जाणार होतं. साहेबांना नुसता काळा पडदा उरला असता. मी गुपचूप 'नाही' दाबलं आणि हुरड्याची मूठ तोंडात भरली.

अजूनही मी ती यादी मोठ्यानं वाचते. गावात मात्र अण्णांनी सांगितलं, "पोरगी इंग्रजी लई झरझर वाचती. चौथ्या ओळीला तेवढी अडखळली."