एका बिडीपुरतं बंद केलेलं मशीन

सव्विसाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती की यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात. म्हणून मी गेजचं ऐकायचो, आणि माणसांचं ऐकून घ्यायच्या आत त्यांच्यावर डाफरायचो. ही समजूत अहेरीकडच्या जंगलात एका ऑपरेटरने मोडली. त्याचे आभार मानायला हवे होते, पण तेव्हा ते राहून गेलं. म्हणून एवढ्या उशिरा लिहायला बसलो आहे.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. तिकडे एका कालव्याचं खोदकाम चालू होतं आणि ठेकेदाराच्या खोदाईच्या मोठ्या हायड्रॉलिक मशीनचा मिस्त्री म्हणून मला पाठवलं होतं. आयटीआय झाल्यावर चार वर्षं मी चंद्रपूरच्या एका वर्कशॉपात उस्तादांच्या शिव्या खात काढली होती. एकट्याने सांभाळायचं हे पहिलंच मशीन. माझ्या वडिलांनी मूल गावाजवळ जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांत, बांधीतल्या चिखलात धान रोवला. पोराच्या हातात पाना आला याचं त्यांना एवढं कौतुक की मला एसटीवर सोडायला ते धुतलेलं धोतर नेसून आले, आणि कंडक्टरलाही सांगून मोकळे झाले की आमचा मुलगा मशीनवर चालला आहे. त्यामुळे ही नोकरी गेली तर घरी कुठल्या तोंडाने जायचं, हा धाक सतत पाठीशी असायचा.

ऑपरेटर चाळिशीचा होता. जवळच्याच गोंडांच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा. आधी मातीकामावर मजूर, मग मशीनवर खलाशी, म्हणजे मदतनीस, आणि मग बघून बघून मशीन चालवायला शिकलेला. घरी गोंडी बोलायचा, कामावर आमची झाडीबोली. बोलायचा म्हणजे काय, दिवसाकाठी दहा वाक्यं झाली तर पुष्कळ. सकाळी चढण्याआधी तो मशीनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्याला हात लावून कपाळाला लावायचा. मला या गोष्टीचा राग यायचा. आमच्या घराने छप्पन साली धम्म घेतला होता, आणि लोखंडाला कसला नमस्कार करायचा, असं मला वाटायचं. एकदा मी त्याला तसं बोललोही. तो नुसता हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावला.

अशा मशीनचं सगळं बळ तेलात असतं. इंजिन पंप फिरवतं. पंप टाकीतलं तेल ओढून दाबाने नळ्यांमध्ये सोडतो. त्या दाबाने दांडा सरकतो, बूम म्हणजे मशीनचा लांब हात उठतो, त्याच्या टोकाची बकेट वळते. एप्रिलच्या शेवटी त्यातली एक नळी फुटली आणि बरंचसं तेल बाहेर गेलं. मी तेव्हा सुटे भाग आणायला चंद्रपूरला गेलो होतो. परत आलो तेव्हा ऑपरेटरने खाली पत्र्याचे ट्रे लावून जमेल तेवढं तेल धरून ठेवलं होतं. तेलाचा नवा ड्रम यायला आठ दिवस लागणार होते. मी हुकूम सोडला की हेच तेल गाळून भरायचं, आणि गाळायला साधं फडकं नको, मऊ जुनं सुती कापड हवं. त्याने घरून बायकोचं एक हिरवं लुगडं आणलं, धुऊन धुऊन अगदी विरलेलं. चार पदर करून आम्ही तेल गाळलं. आमच्याकडे नदीचं पाणी असंच गाळतात, ताक असंच गाळतात. माझ्या आईच्या हातून कधी न गाळलेलं पाणी माठात गेलं नाही. कापडातून गेलं की स्वच्छ झालं, याबद्दल आमच्या दोघांच्याही मनात शंका नव्हती. उलट आपण किती काळजीने काम करतो म्हणून मीच मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मे लागला आणि मशीन मंदावलं. सकाळी सुरू केलं की झक्क चालायचं. तासा-दीड तासाने भरलेली बकेट अर्ध्यातच थबकायची, बूम उठता उठत नसे. पावसाच्या आत तो टप्पा पुरा करायचा होता, त्यामुळे साइटवरचे साहेब रोज दोनदा येऊन मला विचारायचे, काय झालं, काय झालं. मी दाब मोजायला माझं प्रेशर गेज लावलं. तेल तापलं की काटा खाली यायचा. वर्कशॉपात उस्तादांनी घोटून घेतलं होतं: थंड असताना चांगलं आणि तापल्यावर ढिलं, म्हणजे पंप झिजला. तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पंपात आतल्या आत निसटतं. उस्तादांचं खरंच होतं. मी ते बरोबर पाठही केलं होतं.

आता पंप झिजला कशाने? माझ्याकडे उत्तर तयार होतं. नळी फुटल्यावर या गड्याने मशीन बंद केलंच नसणार, तेल संपेपर्यंत चालवत राहिला असणार, आणि पंप कोरडा फिरून खाल्ला गेला. मी त्याला तसं तोंडावर विचारलं.

"पाइप फुटला तसीच बंद केली मी, जी," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो.

त्याच दुपारी मी साहेबांना कागद लिहून दिला. पंप निकामी, नवा मागवावा. कारण, ऑपरेटरचा हलगर्जीपणा. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, मंगळवारच्या टपालात चंद्रपूरला पाठवतो, पंपाबरोबर नवा ऑपरेटरही मागवतो, याला घरी बसवू. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. माझं अक्षर किती वळणदार आलं आहे, एवढंच मी पाहत होतो. आज हे लिहिताना लाज वाटते.

दोन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, मी पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होतो. ऑपरेटर येऊन बाजूला उभा राहिला.

"मिस्तरीभाऊ, उद्या बाजार हाये. साइटवर कोणी नसन. मशीन पाहू का एक डाव?"

"पाहिलंय मी. पंप गेलाय."

"गेला असन. पण मले एक गोष्ट समजून नाई राह्यली. तुमी शिकलेले हा, म्हून इचारतो." तो थांबला. मी हात चोळत राहिलो. "तेल तपलं का मशीन ढिली पडते, बराबर. मंग मी बंद करतो, खाली उतरतो, बिडी ओढतो. बिडी झाली का चालू करतो. तवा ते सकाळवानी जोर करते. एका बिडीत तेल थंडं होते का, भाऊ?"

माझे हात नळाखाली तसेच थांबले. मे महिन्यात, त्या उन्हात, दोनअडीचशे लिटर तापलेलं तेल एका बिडीत थंड होत नाही. झिजलेला पंप बिडी ओढल्याने तरुण होत नाही. मी तीनदा गेज लावलं होतं, पण तिन्ही वेळा मशीन मंदावल्यावर. ते विसावा घेऊन पुन्हा सुरू होताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. त्या वेळी मी सावलीत बसलेला असायचो.

"उद्या सकाळी या," मी एवढंच म्हणालो.

रविवारी सगळे मजूर बाजाराला गेले. साइटवर आम्ही दोघंच. त्याने मशीन सुरू केलं आणि खोदत राहिला. सव्वा तासाने बूम थबकायला लागला. त्याने मला पंपाजवळ बोलावलं, एक बांबूची काडी दिली आणि खुणेने सांगितलं, एक टोक पंपावर, दुसरं कानाला. आतून बारीक, लांबलेला, चिरका आवाज येत होता.

"हा म्हाताऱ्याचा आवाज नोहे," तो ओरडून म्हणाला. "उपाशी लेकरावानी रडून राह्यला. त्याले तेल नाई भेटून राह्यलं."

मशीन बंद केलं. तो बिडी ओढायला बसला आणि मी टाकीवर हात ठेवून पाहिला. क्षणभरही ठेववेना. बिडी संपली. पुन्हा हात ठेवला, तेवढाच चटका. त्याने मशीन सुरू केलं आणि भरलेली बकेट पहिल्या झटक्यात वर गेली. गेजचा काटा होता तिथे, सकाळच्या जागी. अर्ध्या तासाने पुन्हा खाली यायला लागला.

आता मला कळलं. टाकीच्या आत, पंप जिथून तेल ओढतो तिथे, तारेची एक जाळी असते. काहीतरी हलकं, तरंगणारं त्या जाळीवर जाऊन बसत होतं. पंप ओढत राहिला की ते चिकटून राहायचं आणि वाट बंद करायचं. मशीन थांबलं की ओढ संपायची, ते सुटून तेलात पसरायचं, आणि पंपाला पुन्हा तेल मिळायचं. तापण्याशी त्याचा काही संबंधच नव्हता. मशीन चालता चालता तेल तापतं आणि जाळीही त्याच वेळी भरते, एवढंच.

तेल ड्रमांत काढायला आणि टाकी उघडायला दुपार झाली. आधी हेच काम टाळायला मी पंपावर बोट ठेवून मोकळा झालो होतो, हेही सांगायला हवं. मी आत हात घातला आणि जाळी बाहेर काढली. तिच्यावर दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा जाड थर बसला होता. नखाने ओढला तर अख्खा निघाला. मऊ, सुताचा, आणि तेलातही त्याचा हिरवा रंग लपत नव्हता.

जुनं कापड जितकं मऊ तितकं त्याचं सूत सुटतं. मी मुद्दाम मऊ मागवलं होतं.

"भाऊ," मी म्हणालो, "हे मीच सांगितलं होतं."

"हो," तो म्हणाला. जाळी माझ्या हातातून घेतली आणि डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासायला लागला. सगळं तेल आम्ही या वेळी बारीक तारेच्या जाळीतून गाळलं, दोनदा. उन्हं कलायच्या आत मशीन सुरू झालं आणि दीड तास चालवलं तरी काटा हलला नाही.

त्या रात्री मला झोप लागली असेल तर थोडीच. दुसरा कागद लिहायचा तर स्वतःविरुद्ध लिहायचा होता. जाळीत कचरा होता, एवढं लिहून भागलं असतं. कचरा कुठून आला, हे कुणी विचारलं नसतं. आणि विचारलं असतं तर लुगडं ऑपरेटरच्या घरचं होतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि चांगला पाच-दहा मिनिटं राहिला. मग सकाळी उठून मी लिहिलं: जुन्या सुती कापडातून तेल गाळण्याची सूचना मी दिली होती. त्याचं सूत जाळीत अडकलं. पंप चांगला आहे. ऑपरेटरची काहीही चूक नाही, दोष त्यानेच शोधून दिला.

साहेब वाचता वाचता लाल झाले. कापडातून तेल गाळायला कुठल्या शाळेत शिकलास, इथपासून सुरुवात झाली आणि पाव तास मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "हे तू स्वतःहून लिहून आणलंस?" मी हो म्हणालो. त्यांनी खणातून माझा पहिला कागद काढला आणि फाडून टाकला. "जा, दोघं कामाला लागा," म्हणाले. मी बाहेर येऊन थेट मशीनकडे गेलो.

ऑपरेटर मशीनवर चढायच्या बेतात होता. पट्ट्याला हात लावून झाला होता.

"भाऊ, गुरुवारी मी साहेबांना एक कागद दिला होता," मी म्हणालो. "तुमच्याविरुद्ध. तुम्हाला काढणार होते."

"मालूम हाये."

"कुणी सांगितलं?"

"स्टोअरवाल्यानं. त्याच दिशी."

म्हणजे शनिवारी तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, तुमी शिकलेले हा म्हणाला, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. बाजाराचा दिवस, साइटवर कोणी नसणं, हे सगळं त्याने माझ्यासाठी ठरवलं होतं.

"मग सरळ साहेबांकडे का नाही गेलात? बिडीची गोष्ट त्यांना सांगितली असती, तर मी खोटा पडलो असतो. तुमचं काम तिथेच झालं असतं."

तो पायरीवर एक पाय ठेवून थांबला. मी एवढी साधी गोष्ट का विचारतो आहे, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"साहेबाले सांगतलं असतं त तुमची नोकरी गेली असती, भाऊ. तुमाले सांगतलं त दोघायची राह्यली."

मी आभार मानायला पुढे झालो. तोवर तो वर जाऊन बसला होता. इंजिन सुरू झालं आणि त्याने खिडकीतून हात हलवला.

"बाजूले व्हा, मिस्तरीभाऊ. बकेट फिरवतो."

मी बाजूला झालो.